अडीच वाजताचा लोड

१

सोमवारी संध्याकाळी सहा वाजता माझ्या बायकोचा लॅपटॉप पुन्हा बंद पडलेला सापडला. सकाळी आठला मी तो शंभर टक्के चार्ज केला होता, वायर काढली होती, झाकण लावून तिच्या फोटोखालच्या टेबलावर ठेवला होता. टेबल लहान आहे. फोटो आणि समई ठेवली की जागा उरत नाही, म्हणून तिची खोबरेल तेलाची बाटली लॅपटॉपच्या झाकणावरच उभी असते. बाटली जागच्या जागी होती. बॅटरी मात्र संपलेली होती.

हा सलग बारावा दिवस.

मी चंद्रभान भोयर. वीज खात्यात एकतीस वर्षं मीटर तपासण्याचं काम केलं. घर प्रताप नगरला. माझी बायको प्रेमिला मूळची भिवापूरची, शाळेत विज्ञान शिकवायची. निवृत्तीनंतर हा लॅपटॉप तिने स्वतःच्या पैशाने घेतला आणि स्वतःच शिकली. जुलैमध्ये ती गेली. किडनीचा आजार होता.

नोव्हेंबरमध्ये तिचे फोटो पाहावे म्हणून मी लॅपटॉप उघडला, तर सिस्टम जुनी झाली म्हणून फोटोच उघडेनात. सीताबर्डीला धम्मानंद मेश्रामच्या दुकानात नेला. त्याने नवी सिस्टम टाकून दिली. फोटो दिसू लागले आणि त्याच दिवसापासून बॅटरी टिकेनाशी झाली.

ऋषिकेश, माझा मुलगा, जेवताना म्हणाला की नव्या लॅपटॉपची एक्सचेंज स्कीम आहे, रविवारी चार वाजता माणूस येऊन जुना घेऊन जाईल. तिथे जुना लॅपटॉप पुसून कोरा करतात.

"फोटो मी नव्यात टाकून देतो नं, बाबा. त्या डब्ब्यात आता काय राहिलं?"

मी म्हटलं, रविवारपर्यंत थांब. बॅटरी कोण खातं ते मी शोधून काढतो. नाही सापडलं तर ने.

तो हसला. त्याची आई असती तर हसली नसती. तिला माझं काम माहीत होतं. आमच्या खात्यात एक गोष्ट मी पहिल्या वर्षी शिकलो आणि तीच शेवटपर्यंत पुरली. वीज हरवत नाही. कोणीतरी वापरतो.

२

ऋषिकेशचा संशय धम्मानंदवर होता. नवी सिस्टम टाकताना चांगली बॅटरी काढली असेल आणि जुनी बसवली असेल, असं त्याचं म्हणणं.

मंगळवारी मी मेट्रोने सीताबर्डीला गेलो. धम्मानंदचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची खोली. मी आरोप केला नाही, फक्त विचारलं. तपासणीला गेल्यावर ग्राहकाशी भांडायचं नसतं. त्याला बोलू द्यायचं.

तो म्हणाला, सिस्टम बदलल्यावर दोन-तीन दिवस मशीन आतल्या आत आवराआवर करते, त्यात बॅटरी जास्त जाते. बारा दिवस लागत नाहीत. मग त्याला माझ्या येण्याचं कारण समजलं असावं. हातातला स्क्रू ड्रायव्हर त्याने खाली ठेवला.

"काकाजी, माह्या पोरीले मॅडमनं शिकवलं. आज ते लॅबमध्ये नोकरीले हाये. मी त्याईच्या मशीनमधून बॅटरी काढीन?"

त्याचा चेहरा खरा वाटला. पण चेहरा पुरावा नसतो. एकतीस वर्षांत मी फार खरे चेहरे पाहिले आणि त्यांच्या घरामागे खांबावर टाकलेले वीजचोरीचे आकडेही पाहिले.

पण मी एक गोष्ट आधीच करून ठेवली होती. दुसऱ्याच्या हातात मीटर देताना खूण करायची माझी सवय आहे. दुकानात नेण्याआधी मी लॅपटॉपच्या पोटाखाली, बॅटरी आणि डब्याच्या सांध्यावर, सुनेच्या नेलपेंटने एक आडवी रेघ मारली होती. अर्धी रेघ बॅटरीवर, अर्धी डब्यावर. घरी येऊन उलटा करून पाहिला. दोन्ही अर्ध्या रेघा तंतोतंत जुळत होत्या. बॅटरी तीच होती.

तरी चाचणी घेतली. पूर्ण चार्ज केला, आणि या वेळी नुसतं झाकण न लावता मशीन पूर्ण बंद केली. बुधवारी संध्याकाळपर्यंत तशीच ठेवली. उघडली तेव्हा नव्याण्णव टक्के.

बॅटरी चांगली होती आणि धम्मानंद निर्दोष होता. याचा दुसरा अर्थ असा की आपल्याच घरात कोणीतरी आकडा टाकत होतं.

३

गुरुवारी मी दर अर्ध्या तासाला रीडिंग घेतलं. पासवर्ड टाकायची गरज नसते. झाकण उघडलं की कोपऱ्यात टक्के दिसतात. बघायचे, वहीत लिहायचे, झाकण लावायचं, तेलाची बाटली वर ठेवायची आणि समोरच्या खोलीत येऊन बसायचं.

सकाळी आठला शंभर. दुपारी अडीचला नव्याण्णव. साडेसहा तासांत एकच टक्का गेला होता.

तीनला पंच्याऐंशी. साडेतीनला एकाहत्तर. चारला सत्तावन्न. सहाच्या आधीच बंद.

चोर कधी येतो ते कळलं होतं. अडीच वाजता येतो आणि मग हलत नाही. एरवी या वेळी मी झोपलेला असतो. अडीच ते चार ही माझी झोप खात्यातली नोकरी सुटल्यापासून एक दिवस चुकली नव्हती. चोराला माझी वेळ माहीत होती.

त्या वेळी घरात दोनच माणसं असतात. वर भाडेकरू सुमंत, जो कंपनीचं काम घरूनच करतो. खाली माझी सून मिनल. तिची शाळा सकाळची, ती दोनला घरी येते.

संध्याकाळी सुमंतला जिन्यात गाठलं. ऋषिकेशने सांगितलं होतं की आजकाल दूर बसूनही दुसऱ्याची मशीन चालवता येते. सुमंतला मी तसं सरळच विचारलं.

तो चिडला नाही, उलट हसला. "काकाजी, दूरून चालवाले नेट लागते. अन् घरचं नेट तं तुमीच बंद केलं ऑगस्टमध्ये. मले विचारलंही नाही. एका मीटिंगमधून मी धाडकन बाहेर पडलो, साहेबानं अजून बोलणं सोडलं नाही."

ते खरं होतं. प्रेमिला गेल्यावर घरात त्या कनेक्शनचं काम उरलं नाही असं मला वाटलं. मुलगा आणि सून मोबाइलवरच भागवतात. बिल कशाला भरायचं म्हणून मी तोडून टाकलं. सुमंतने मग स्वतःचं घेतलं, पण आमचा लॅपटॉप त्याला जोडलेला नव्हता. वायर नाही तिथे आकडा टाकता येत नाही. सुमंत सुटला.

मिनल राहिली. आणि मला ते आवडलं नाही.

४

शुक्रवारी मी सील लावलं.

शिवायचा पांढरा दोरा घेतला. लॅपटॉपच्या झाकणावरून खाली नेला, दोन्ही टोकांवर मेणबत्तीचं मेण टाकलं आणि मेण ओलं असताना अंगठ्याचा ठसा दिला. झाकण चार बोटं जरी उचललं तरी दोरा तुटला असता. वर तेलाची बाटली ठेवली. अडीचला खोलीत जाऊन डोळे मिटून पडलो.

पावणेतीनच्या सुमारास पावलं ऐकू आली. मिनल प्रेमिलाच्या खोलीत गेली. काहीतरी हळूच वाजलं. दोन मिनिटांनी ती परत गेली.

चारला मी उठून पाहिलं. दोरा तसाच होता. मेणावरचा ठसा तसाच होता, मधल्या जुन्या जखमेच्या खुणेसकट. मी सील तोडलं आणि झाकण उघडलं.

सत्तावन्न टक्के.

सील शाबूत आणि चोरी झालेली. असं माझ्या नोकरीत दोनदाच घडलं होतं, आणि दोन्ही वेळा मी ते शोधून काढलं होतं. पण त्या वेळी मागे कोणी उभं नव्हतं. आता मिनल दारात उभी होती. तिच्या नजरेसमोर दोरा माझ्या हातात लोंबत होता.

"बाबा, हे माह्यासाठी लावलं?"

मी दोरा खिशात कोंबला. ते बोलल्यासारखंच होतं.

ती रडली नाही. शाळेत मुलांना सांगावं तसं तिने सांगितलं. थंडी पडल्यापासून बाथरूममधलं खोबरेल तेल दिवसभर गोठलेलं असतं, बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. आईच्या फोटोजवळचं तेल मात्र दुपारी पातळ असतं. म्हणून ती रोज तिथून थोडं डोक्याला घेते. मला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नव्हतं. बाटली परत ठेवताना जे वाजलं, ते मी ऐकलं होतं.

मी म्हटलं, "चुकलं माझं." हे दोन शब्द मी नोकरीत कधी वापरले नव्हते. वापरायची वेळच आली नव्हती.

मग मी तेलाची बाटली उचलली. ती उत्तरेकडची खोली आहे, डिसेंबरात तिथे उन्हाची तिरीपही येत नाही. बाटलीतलं तेल पाण्यासारखं हलत होतं. मी बाथरूममधली बाटली आणली. ती दगड झाली होती.

लॅपटॉपच्या झाकणावर हात ठेवला. ते गरम होतं.

५

आता बाहेरचा कोणी नव्हताच. सील लावलेल्या झाकणाच्या आत मशीन स्वतःच उठत होती आणि काम करत होती. तिला उठायला सांगितलं कोणी, एवढाच प्रश्न राहिला.

शनिवारी सकाळी धम्मानंदला फोन केला. झाकण लावलेली मशीन आपोआप उठते का, असं विचारलं.

"उठते नं, काकाजी. कोणी तिले वेळ लावून देली असली तं. जुनी सिस्टम बॅटरीवर असताना उठू देत नसे. नव्या सिस्टममध्ये ते परवानगी चालू झाली असंन. ते माह्या ध्यानात आलं नाही."

म्हणजे वेळ आधीच लावलेली होती, पण जुनी सिस्टम मशीनला उठू देत नव्हती. नवीने उठू दिलं. सिस्टम बदलून मशीन बिघडली असं आम्ही सगळे म्हणत होतो. खरं तर ती त्या दिवशी पहिल्यांदा दिलेला हुकूम पाळायला लागली होती.

आणि हुकूम अडीच वाजताचा होता. चंद्रभान भोयर अडीचला आडवा होतो, घड्याळ लावून घ्यावं इतका नेमका, हे मिनलला आणि सुमंतला साधारण माहीत असेल. मिनिटापर्यंत माहीत असलेलं माणूस एकच होतं.

मिनल स्वयंपाकघरात होती. मी तिला विचारलं की आई दुपारी काय करायची. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "दार लावून घेत. बोलत राहत. कोणाशी ते मले माहीत नाही. म्हणत, बाबाले सांगू नको, ते हसतीन."

मी हसलो असतो? एकदा हसलो होतो. शाळेच्या कार्यक्रमात तिने भाषण केलं आणि मध्येच तिच्या तोंडून भिवापूरचं "मले" निघालं. घरी येताना मी त्यावरून चिडवलं होतं. त्याला वीस वर्षं झाली असतील. मी विसरलो होतो.

दोन वाजून पंचवीस मिनिटांनी मी लॅपटॉप उघडला. पासवर्ड कॅलेंडरच्या मागे तिच्याच अक्षरात लिहिलेला आहे. बरोबर अडीचला कोपऱ्यात एक लहान चौकोन आला. त्यात लिहिलं होतं, 'दुपार. पाठ पाठवत आहे.' खाली एक रेघ सरकायला लागली आणि थांबली. मग अक्षरं बदलली. 'जोडणी नाही. पुन्हा प्रयत्न करत आहे.'

मिनिटभराने पुन्हा तेच. मग पुन्हा. गेले सोळा दिवस हीच मशीन रोज अडीचला उठून, अंगात जीव असेपर्यंत बंद दार ठोठावत होती.

'दुपार' नावाचा एक कप्पा होता. त्यात दहावीच्या विज्ञानाचे पाठ होते, तिच्या आवाजातले. काही पाठवून झालेले. पाठवायचे राहिलेले त्रेचाळीस. तारखा पाहिल्या. शेवटचे अकरा तिने डायलिसिसहून परत आल्यावर, त्याच दुपारी केलेले होते. दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी शेवटचा. तिला माहीत होतं. म्हणून तिने पुढचे सगळे करून ठेवले आणि रोज एक जाईल अशी वेळ लावली. वायर काढून झाकण लावलं की जुनी सिस्टम उठणार नाही, हे मात्र तिला कोणी सांगितलं नव्हतं. तो एक फॉल्ट. तो नव्या सिस्टमने काढला.

दुसरा फॉल्ट जोडणीचा. ती तोडणाऱ्याला शोधायला मला कुठे जावं लागलं नाही.

मी एकही पाठ ऐकला नाही. पंचनामा एकट्याने करायचा नसतो, त्याला साक्षीदार लागतात.

६

रविवारी दोन वाजता मी सगळ्यांना प्रेमिलाच्या खोलीत बोलावलं. ऋषिकेश आणि मिनल पलंगावर बसले. सुमंत वरून आला. धम्मानंद सुट्टीच्या दिवशी सीताबर्डीची गर्दी सोडून आला, कारण त्याच्यावर संशय घेतल्याचं मला त्याच्यासमोरच मागे घ्यायचं होतं. ते मी आधी केलं. मिनलच्या बाबतीतही सर्वांसमोर केलं. ऋषिकेशने बायकोकडे पाहिलं आणि मान खाली घातली, कारण सीलची गोष्ट त्याला तिने सांगितली नव्हती.

मग मी नेलपेंटची रेघ दाखवली, वही दाखवली, तेलाच्या दोन बाटल्या शेजारी ठेवल्या आणि एकेक पायरी सांगितली.

"नेट लागंन नं," सुमंत म्हणाला. "माह्यं घ्या. अन् या खेपेले सांगून बंद करजा."

अडीच वाजले. चौकोन आला. रेघ सरकली, आणि या वेळी थांबली नाही. 'पाठ पाठवला', असं आलं. सव्वीस जणांना.

धम्मानंदने तोच पाठ लावला. 'विद्युतधारेचे परिणाम'. आधी तिने पुस्तक वाचलं, शाळेतल्या आवाजात, स्वच्छ. मग पुस्तक मिटल्याचा आवाज आला आणि ती भिवापूरच्या बोलीत आली.

"पोरंहो, वीज कोणालेच दिसत नाही. डोळे असणाऱ्यालेही नाही. म्हणून या पाठात आपण सारे सारखेच. आमच्या घरी एक साहेब हायेत. त्याईनं एकतीस वर्ष हे न दिसणारी गोष्ट मोजली. कोणाचं एक युनिट चोरीले जाऊ देल्लं नाही, अन् कोणाच्या माथी एक युनिट खोटं मारलं नाही. ते म्हणतेत, वीज हरवत नाही, कोणीतरी वापरतो. हे लिहून ठेवा, परीक्षेत कामी पडंन. साहेब आता झोपले हायेत, म्हणून मी हळू बोलून राहिली."

मी फोटोकडे पाहिलं नाही, सरळ समोर पाहिलं. मी ज्यावर हसलो होतो त्याच बोलीत सव्वीस मुलं वीज शिकत होती.

थोड्या वेळाने मशीन वाजली. एका बाईने आवाजात पाठवलेला निरोप होता. ती भैरवी. प्रेमिलाची जुनी विद्यार्थिनी, नववीत असताना तिचे डोळे गेले. आता भिवापूरला दृष्टी नसलेल्या मुलांचा दहावीचा वर्ग घेते, आणि आजूबाजूच्या तालुक्यांतली मुलं फोनवरून त्या वर्गात बसतात, हे सगळं मला तिच्याकडूनच नंतर समजलं. त्या वेळी ती एवढंच बोलली:

"बाई, पाठ आला. जुलैपासून वाट पाहून राहिलो. फोन लावला तं बंद. पोरं रोज अडीचले फोन घेऊन बसत. बऱ्या झाल्या ना तुमी?"

ऋषिकेशने उत्तर द्यायला हात पुढे केला. मी त्याचा हात बाजूला केला. जोडणी मी तोडली होती, सांगायचंही मलाच होतं.

मी बटण दाबलं. "मी चंद्रभान भोयर. बाईंच्या घरचा. बाई जुलैमध्ये गेल्या. पण काम अपुरं ठेवून गेल्या नाहीत. पाठ पूर्ण आहेत, अजून बेचाळीस. रोज अडीचला एक येईल. हवे तर सगळे आजच पाठवतो, परीक्षा जवळ आली."

मग भैरवीचा आवाज आला, भरलेला पण सरळ. "नाही, साहेब. बाई म्हणत, दिवसाले एकच, नाही तं अपचन होते. जानेवारी सरता सरता पुरे होतीन. आमाले पुरते. फक्त बंद पडू देऊ नका."

चार वाजता एक्सचेंजवाला आला. दारात ऋषिकेश गेला. "देणार नाही," तो म्हणाला. माणसाने विचारलं, तो जुना डब्बा ठेवून करता काय? "डब्बा म्हणू नका," माझा मुलगा म्हणाला आणि त्याला चहा विचारला.

आता लॅपटॉप चार्जरला लावलेला असतो. तेलाची बाटली मी झाकणावरच ठेवली आहे, मिनलला दुपारी लागते. अडीचला मी झोपत नाही. फोटोसमोर खुर्ची घेऊन बसतो आणि पाठ जाताना पाहतो.

त्या रविवारी मी वहीत शेवटची नोंद केली. तपासणी संपली की आम्ही अहवाल लिहायचो, तसा:

लोड, दुपारी २.३०. सील शाबूत. चोरी नाही. वापर अधिकृत. ग्राहकाचे नाव, प्रेमिला चंद्रभान भोयर.

खाली तपासणाऱ्याची सही केली.